एकोणचाळीस आणि उनचास

इनास बोर्जिस सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न गणिताचा नव्हताच. आठवीच्या वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी आम्हाला रांगेने उभं केलं आणि प्रत्येकाला विचारलं, "तुझं मूळ गाव कुठलं?" कुणी खारी म्हणालं, कुणी काशीगाव, कुणी चिपळूण, कुणी महाड. माझी पाळी आली तेव्हा "जौनपूर" एवढंच कसंबसं पुटपुटून मी खाली बसले. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर सर म्हणाले, "आता लक्षात ठेवा. मूळ गाव म्हणजे ज्याच्या मागे आणखी गाव न्हाय. मूळ संख्या म्हणजे जिचे आणखी तुकडे पडत न्हाय." मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले, "माझं मूळ गाव उत्तन. म्हणून मधेच न्हाय-हाय निघतं तोंडातून. तेवढं चालवून घ्या."

माझी सरांशी ओळख झाली ती अशी. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी समितीने मला "सरांचे शैक्षणिक कार्य" असा विषय दिला होता. मी समितीला स्पष्टच सांगितलं की तसलं मला जमणार नाही. सरांचं कार्य लिहायचं तर मला एका संख्येबद्दल लिहावं लागेल आणि माझ्या एका चुकीबद्दल. समितीतले लोक सभ्य आहेत, आणि मी भांडकुदळ आहे हे त्यांना माहीत आहे. ते "बरं" म्हणाले.

आमचं घर हिंदी. वडील, म्हणजे बाबूजी, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे आणि आम्ही खारीतल्या एका चाळीत राहायचो. मराठी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून मला मराठी शाळेत घातलं. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता. चाळीतल्या नळावर मी मराठी शिकले आणि फाडफाड बोलायलाही लागले, इतकी की शेजारच्या सावंतकाकू म्हणायच्या, "ही पोरगी भांडते तरी मराठीत, दुसरं काय पाहिजे?" बाकीच्या विषयांत मी बरी होते. गणितात मात्र पाचवीपासून बोंब. आठवीच्या चाचणीत मला पन्नासपैकी अकरा गुण पडले.

बाबूजींनी ते अकरा बघितले आणि शांतपणे निर्णय सांगून टाकला. दिवाळीनंतर घरचे सगळे गावी जाणार होते, तिथे मला आजीपाशी ठेवायचं, शाळा बंद. बाबूजी वाईट नव्हते हो. त्यांचं म्हणणं एवढंच की जे येत नाही त्याच्यामागे पोरीने किती वर्षं फरफटायचं? मी रडले, जेवण सोडलं, पण उपयोग झाला नाही. आईसुद्धा म्हणाली, "हिसाब तो तुझसे होता नहीं बिटिया."

सरांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं की सुट्टीत रोज सकाळी दोन तास शाळेत यायचं, एका मोठ्या संख्येची परीक्षा घ्यायची आहे. ज्याला भागाकार येतो त्याने यावं. एवढं बोलून ते माझ्या बाकापाशी थांबले आणि म्हणाले, "कुसुम, तू ये. मला माणसं कमी पडतायत." मी म्हटलं, "सर, मला अकरा पडलेत." सर म्हणाले, "अकरा मूळ संख्या हाय. ये."

केबिन रोडच्या मागच्या आमच्या शाळेत पहिल्या सकाळी आम्ही वीस-बावीसजण जमलो. सरांनी हात पाठीमागे बांधून संख्या तोंडी सांगितली: सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ही मूळ आहे की नाही ते शोधायचं. कॅल्क्युलेटर बंद. कुणीतरी विचारलं, "सर, हीच संख्या का?" सर म्हणाले, "आधी घाम गाळा, मग गंमत सांगतो." मग त्यांनी युक्ती समजावली. संख्या तुटणारी असेल तर तिचा एक तरी भाजक तिच्या वर्गमुळाच्या आत सापडतोच. म्हणजे आपल्याला साधारण आठ हजार सहाशेच्या आतल्या मूळ संख्यांनीच भागून बघायचं. त्या हजाराहून थोड्या जास्त भरतात. त्या सगळ्यांनी वाटून घ्यायच्या, प्रत्येकाच्या वाट्याला पन्नासेक. मी कच्ची म्हणून मला सगळ्यात सोप्या दिल्या: तीन, सात, अकरा, तेरा आणि पुढच्या.

तिनाने मी लगेच बघितलं, भाग जात नव्हता. मग सात. वहीतल्या आकड्याकडे बघत बसले आणि एकदम लक्षात आलं. भागाकार मांडायचीसुद्धा गरज नव्हती! मी उभी राहिले. शाळेच्या आयुष्यात गणिताच्या तासाला आपणहून उभी राहण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"सर, तुटली!"

वर्गात गलका झाला. सरांचा चेहरा पडला नाही, पण भुवया वर गेल्या. "कशाने?"

"साताने. सर, भागायलाच नको. तुकडे करून बघा ना. कोटींचा सात, तो साताचा. लाखांचा तुकडा साताचा, हजारांचा तुकडाही तोच. आणि एकशे तेहतीस म्हणजे एकशे चाळीसला सात कमी, तोही साताचा. सगळंच साताचं आहे."

सर जागच्या जागी थांबले. "लाखांचा तुकडा साताचा? कुसुम, तुझी संख्या वाच बघू."

मी ऐटीत वाचली. "सात कोटी, उनचास लाख, उनचास हजार, एकशे तेहतीस."

अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. मला काही कळेना. शेजारच्या मुलीने वही पुढे केली तेव्हा दिसलं. सगळ्यांच्या वहीत ७,३९,३९,१३३ होतं आणि माझ्या वहीत ७,४९,४९,१३३. सर म्हणाले होते एकोणचाळीस, मी ऐकलं होतं उनचास. हिंदीत उनचास म्हणजे एकोणपन्नास. मराठीत पटापटा भांडणारी मी, पण आकडा कानावर पडला की तो आत जाऊन हिंदीचा व्हायचा, आणि हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं.

"हसायचं न्हाय!" सर एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या कट्ट्यावरचा शिपाई आत डोकावला. सरांचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर माझी चुकीची संख्या लिहिली. शेजारी भागाकार केला: ७,४९,४९,१३३ भागिले ७ बरोबर १,०७,०७,०१९. बाकी शून्य. "बघा," सर म्हणाले. "एक कोटी सात लाख सात हजार एकोणीस. काय देखणं उत्तर हाय! आणि तिने हे न भागता बघितलं. तुमच्यापैकी कुणी बघितलं असतं? मी न्हाय बघितलं."

त्यानंतर ते माझ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "एकोण म्हणजे काय सांगू? एक उणा. चाळिसाला एक उणा, एकोणचाळीस. पन्नासाला एक उणा, एकोणपन्नास. मराठी माणूस पुढच्या दहाचं नाव आधीच घेऊन टाकतो आणि एक कमी म्हणतो. तुला शेवटचा चाळीस ऐकायचा, सुरुवातीचा एकोण न्हाय." एवढंच. मला वाटतं माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा हा दोन मिनिटांत आटोपला.

सरांचं काम मात्र तिथे संपलं नाही. त्यांनी घरी जाऊन माझा चाचणीचा पेपर पुन्हा काढला. आमच्या चाचण्यांचे प्रश्न छापलेले नसायचे, शिक्षक तोंडी सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. आणि सरांना दिसलं ते असं की मी बहुतेक गणितं बरोबर सोडवली होती, फक्त ती वेगळ्याच आकड्यांची होती.

पुढच्या रविवारी सकाळी सर आमच्या खारीच्या चाळीत हजर! पायात चपला, हातात माझा पेपर आणि पिशवीत उत्तनचे पेरू. आमच्या घरी शाळेतलं कुणी कधी आलं नव्हतं. आईने डोक्यावर पदर ओढला आणि चहा ठेवायला पळाली. बाबूजी नुकतेच अंघोळ करून बसले होते, पण नखांतला पॉलिशचा काळा रंग काही जात नसे, म्हणून ते हात मांडीखाली लपवून बसले. सरांचं हिंदी ऐकून मला त्या परिस्थितीतही हसू येत होतं.

"आपकी लडकी का गणित बरोबर है," सर म्हणाले. "कान कच्चा है."

बाबूजी म्हणाले, "मास्टरजी, ग्यारह नंबर आए हैं."

"हां, आए हैं. देखो." सरांनी पेपर जमिनीवर पसरला. "मैं बोला उनतालीस. ये सुनी उनचास. जो सुनी, उसका जबाब एकदम सही लिखी. ये देखो. ये भी देखो. ये भी."

बाबूजींना चौथीच्या पुढची शाळा नव्हती, पण वजन-माप त्यांना तोंडपाठ होतं. ते एकेक गणित बोटाने पडताळत गेले. बराच वेळ गेला, चहा निवला. शेवटी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तो गलती किसकी हुई?"

सर म्हणाले, "मेरी. लिख के देना चाहिए था, मैंने नहीं दिया."

हे मी दाराआडून ऐकलं. एक शिक्षक, गळ्यात क्रूस घातलेला, शर्टाची कॉलर झिजलेला, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर बसून माझ्या वडिलांना सांगत होता की चूक त्याची स्वतःची आहे. बाबूजींनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "तो फिर ये गांव काहे जाएगी?" संपलं. त्या दिवाळीनंतर घरचे गावी गेले आणि मी सावंतकाकूंकडे राहिले, कारण सरांचा भागाकार अजून शिल्लक होता.

इथे कुणाला वाटेल की सरांनी माझे गुण वाढवून दिले असतील. छे! नावच काढू नका. अकराचे अकराच राहिले. मी धीर करून विचारलं तर म्हणाले, "गुण मी विचारलेल्या गणितांचे. तू सोडवलीस त्यांची शाबासकी. दोन्हींचा गोंधळ करायचा न्हाय." तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण वार्षिक परीक्षेत मला पन्नासपैकी एकोणचाळीस पडले, आणि ते नीट ऐकून, नीट लिहून मिळवलेले होते.

त्या दिवसापासून सरांनी स्वतःला एक नियम लावून घेतला तो निवृत्तीपर्यंत पाळला: कुठलीही संख्या तोंडाने एकदा, खडूने एकदा. बाजारहाटाचं साधं उदाहरण असलं तरी ते आधी बोलायचे, मग लिहायचे. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावून घेतला, एक ते शंभर, मराठी, हिंदी आणि गुजराती शेजारीशेजारी. तो माझ्याच अक्षरात होता. आणि फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकट असायची, "सरांच्या चुका". ज्याला चूक सापडेल त्याने जाऊन तिथे रेघ मारायची. मी त्या चौकटीत बऱ्याच रेघा मारल्या आहेत, त्यांतल्या दोन-तीन निव्वळ खोडसाळपणाने. सरांनी त्या पुसल्या नाहीत. म्हणाले, "असू दे. जमेल तेव्हा चूक करून फेडतो."

आता त्या मोठ्या संख्येचं काय झालं ते सांगायला हवं. सुट्टीभर आम्ही भागत राहिलो. बाकी कधी एक उरायची, कधी चार हजार, पण उरायचीच. शेवटच्या दिवशी शेवटचा भागाकार झाला आणि सर म्हणाले, "न्हाय तुटली. मूळ हाय." आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ती संख्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि डस्टर माझ्या हातात दिलं. "कुसुम, उजवीकडचा एक अंक पूस." मी तीन पुसला. उरली ७३,९३,९१३. सर म्हणाले, "हीसुद्धा मूळ." आणखी एक पुसला, ७,३९,३९१. "हीपण मूळ." ७३,९३९. मूळ. ७,३९३. मूळ. ७३९. मूळ. ७३. मूळ. शेवटी फळ्यावर एकटा सात उरला.

"कितीही छाटा, हिचं मूळपण जात न्हाय," सर म्हणाले. "अशा छाटता येणाऱ्या संख्यांत हिच्याहून मोठी एकही न्हाय असं एका जुन्या मासिकात छापलंय. छापलंय म्हणून मानायचं न्हाय. हिच्यापुढे आणखी एक अंक लावून बघा." सम अंक आणि पाच तर बादच. एक किंवा सात लावला तर अंकांची बेरीज तिनाने तुटते, ते मीच सांगितलं. तीन आणि नऊ लावून होणाऱ्या दोन संख्या मात्र चिवट निघाल्या. त्या पुढच्या तुकड्यांतल्या मुलांनी फोडल्या. कशाने फुटल्या ते मी इथे लिहीत नाही. सर म्हणतात, दुसऱ्याने काढलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्याने सोललेलं केळं, त्यात काय मजा? बाकीच्या छाटसंख्यांची तपासणी काही वह्यांत अजून चालूच आहे.

मागे माझ्या एका विद्यार्थ्याने, कारण आता मीही शिकवते, सरांसमोर मोबाइल काढला, ती मोठी संख्या त्यात घातली आणि क्षणात सांगितलं, "मूळ आहे." सर कौतुकाने म्हणाले, "मोबाइलचं बरोबर हाय. पण त्याला आनंद झाला काय? न्हाय ना? मग तो आनंद तू कशाला फुकट घालवलास?" मुलगा वरमला, पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला.

सरांच्या घरच्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. सरांच्या पत्नी सिसिलियाबाई नाताळात दरवर्षी माझ्यासाठी वेगळा, बिनअंड्याचा केक करत आल्या आहेत, कारण पहिल्या वर्षी मी तो हातात धरून नुसती उभी राहिले होते आणि त्यांच्या लक्षात आलं. आज माझी मुलं कॉलेजात आहेत, सगळं खातात, तरी तो केक बिनअंड्याचाच येतो. बाई म्हणतात, "आता मला दुसरा जमतच न्हाय."

मी आज त्याच भागातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गात जौनपूर आहे, सौराष्ट्र आहे, नेपाळ आहे, चिपळूण तर आहेच. पेपर तपासताना कुणाचं उत्तर चुकलं की लाल पेन खाली ठेवते आणि आधी बघते की याने नेमकं काय ऐकलं असेल. पुष्कळदा हाती एखादं देखणं उत्तर लागतं. गुण मी वाढवत नाही. शाबासकी मात्र देते, आणि दुसऱ्या दिवशी घरचा पत्ता विचारते.

पंचाहत्तरीचा समारंभ करायचं ठरलं तेव्हा सरांनी आधी साफ नकार दिला होता. "पंचाहत्तरीत काय हाय? तिनाने भाग जातो, पाचाने दोनदा जातो. दोन वर्षांपूर्वी त्र्याहत्तरचा होतो तेव्हा कुठे होतात?" आम्ही हात जोडले, सिसिलियाबाईंनी डोळे वटारले, तेव्हा कुठे तयार झाले.

गेल्या महिन्यात मी उत्तनला त्यांना निमंत्रण द्यायला गेले होते. सरांना आता ऐकायला कमी येतं. यंत्र आहे, पण ते खिशात ठेवतात. अंगणात बसलो होतो. मी म्हटलं, "सर, हा समारंभ झाला की पुढचा एकोणऐंशीला."

सरांनी कानामागे हात धरला. "ऐंशीला? ऐंशीत काय हाय?"

नातवाची पाटी शेजारीच पडली होती. मी ती उचलली आणि लिहिलं, ७९. सरांनी पाटी जवळ घेतली, डोळ्यांशी धरली, आणि मग असे हसले की सिसिलियाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"तुझा आकडा बरोबर हाय, कुसुम," सर म्हणाले. "कान माझा कच्चा."

मी पाटी पुसली नाही, तशीच त्यांच्या मांडीवर ठेवून आले.

सर, तुम्हाला आरोग्य मिळो, बाईंची सोबत मिळो आणि भागाकाराला रोज नवी संख्या मिळो. एकोणऐंशी, त्र्याऐंशी, एकोणनव्वद, सत्याण्णव, या सगळ्या वाटेतल्या. शंभराची इच्छा मी करत नाही, शंभराचे फार तुकडे पडतात. माझी प्रार्थना त्याच्या पुढच्या मूळ संख्येची आहे. समारंभात ती मी तोंडाने सांगेनच, पण तुम्ही यंत्र खिशात ठेवणार, म्हणून तुमच्याच नियमाने इथे लिहूनही देते.

एकशे एक. १०१.